विसरणारे हात

आमच्या घरी अनारशांचा पहिला घाणा दर दिवाळीला हसतो. अनारसा हसणे म्हणजे काय, हे सुगरणींना सांगावयास नको. इतरांसाठी सांगते: तुपात सोडल्याबरोबर तो जाळी धरण्याऐवजी फुटून कढईभर पसरतो. पीठ तेच, गूळ त्याच दुकानचा, प्रमाण आजीच्या वहीतले. तरी पहिला घाणा हसायचाच. "वर्षातून एकदा तुपाशी गाठ पडते, हात विसरतात गं," असे आई म्हणे. दुसऱ्या-तिसऱ्या घाण्याला तिचे हात ताळ्यावर येत, आणि मग अशी जाळी उमटे की शेजारच्या काकू बघायला येत. बिघडलेला घाणा आम्हा मुलांच्या वाट्याला येई, त्यामुळे आईच्या विसराळू हातांबद्दल आमची कधीच तक्रार नव्हती.

पुढे मी परिचारिका झाले आणि नंतर बरीच वर्षे परिचारिकांना शिकविले. आईचे ते वाक्य माझ्यामागे रुग्णालयापर्यंत आले. तिथे एक विद्या अशी आहे, की तिच्यात दुसरा घाणा मिळत नाही. बंद पडलेले हृदय छाती दाबून चालवायचे आणि थांबलेल्या श्वासाच्या जागी आपला श्वास द्यायचा, ही ती विद्या. आज तिला सगळे सीपीआर म्हणतात. वॉर्डात आम्ही नुसते 'मसाज' म्हणत असू.

गोष्ट १९७४ ची आहे. मुंबईतले एक मोठे रुग्णालय. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण त्या काळी ते कुठलेही असू शकले असते. पुरुषांचा वॉर्ड, चाळीस खाटा, आणि रात्रपाळीला मी व एक शिकाऊ मुलगी. छातीत दुखते म्हणून आदल्या दिवशी दाखल झालेला पन्नाशीचा गिरणी कामगार पहाटे तीनच्या सुमारास एकदम निपचित झाला. मला ही विद्या येत होती. अकराच महिन्यांपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आमचा वर्ग घेतला होता, परदेशातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या बाहुलीवर प्रत्येकीकडून करून घेतले होते, आणि परीक्षेत मी पहिली आले होते. प्रमाणपत्र घरी ट्रंकेत होते.

मी काय केले ते सांगते. खाटेला तारांची जाळी, वर कापसाची गादी. पाठीखाली फळी सरकविल्याशिवाय दाब छातीवर पडत नाही, सगळी गादीच खाली जाते. फळी मी विसरले. डोके मागे कलते न करताच फुंकू लागले. हवा आत गेलीच नाही. छाती दाबताना तळवा कुठे ठेवायचा हे ठाऊक असूनही हात दोनदा खाली घसरला. एक बरगडी कट्‌कन वाजली आणि मी घाबरून जोर कमी केला. बाहुलीची बरगडी वाजत नसे. हाउसमन धावत येईपर्यंत सहा-सात मिनिटे झाली असतील. आल्याबरोबर त्याने वॉर्डातल्या मामांकडून फळी मागितली. फळी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या जवळूनच मी पळत आले होते.

तो माणूस गेला. त्याची बायको सकाळी डबा घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंनी विचारले तेव्हा मी सगळा क्रम धडाधड म्हणून दाखविला, एकही पायरी न चुकता. "येतंय की तुम्हांला," त्या म्हणाल्या. मोठ्या डॉक्टरांनी समजूत घातली, की झटका मोठा होता, तो तसाही वाचला नसता. ते खरे असेल. पण मला जे डोक्यात येत होते ते हातात का आले नाही, हा प्रश्न त्या सकाळपासून माझ्यापाशी आहे, आणि त्याचा माग काढता काढता मी ह्या विद्येच्या इतिहासात शिरले. तिथे पाहते तो काय, केवळ माझे हात विसरले नव्हते. डॉक्टरीविद्येचे हातही दीडशे-पावणेदोनशे वर्षे विसरून बसले होते!

तोंडाने श्वास देण्याची युक्ती आपल्या काळातली, अशी पुष्कळांची समजूत असते. ती तशी नाही. स्कॉटलंडात अलोआ येथे १७३२ साली विल्यम टॉसॅक नावाच्या शल्यवैद्याने कोळशाच्या खाणीतून काढलेल्या, निश्चेष्ट पडलेल्या खाणकामगाराच्या तोंडाला तोंड लावून त्याला जगविले आणि पुढे ती हकीकत छापली. १७४० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने बुडालेल्यांसाठी हाच उपाय सुचविला. कालव्यांच्या ॲम्स्टरडॅम शहरात १७६७ साली बुडालेल्यांना वाचविण्यासाठी मंडळी स्थापन झाली. तिचे पाहून १७७४ मध्ये विल्यम हॉज आणि टॉमस कोगन ह्या दोघांनी लंडनमध्ये तशीच एक सोसायटी काढली. वाचविणाऱ्यांना बक्षिसे मिळत. उपायांची यादी मात्र चमत्कारिक होती. अंग शेकणे ठीक. पण फराळाचे ताट जवळ घेऊन वाचणाऱ्यांची क्षमा मागून सांगते, की बुडालेल्या माणसाच्या पोटात गुदद्वारावाटे तंबाखूचा धूर सोडीत, आणि त्यासाठीची खास उपकरणे थेम्सच्या काठी ठेवलेली असत. पुढे १८११ साली बेंजामिन ब्रॉडी ह्यांनी तंबाखू हृदयाला विष आहे असे प्राण्यांवर दाखविले, तेव्हा कुठे त्या धुराची प्रतिष्ठा उतरली.

ह्या सगळ्या गडबडीत साधा, उपयोगी असा तोंडाचा श्वास मागे पडला. कारणे दोन. एक तर अठराव्या शतकाच्या शेवटी ऑक्सिजनचा शोध लागला, आणि उच्छ्वासाची हवा म्हणजे वापरून झालेली, निरुपयोगी हवा असे विद्वानांनी ठरवून टाकले. दुसरे कारण विद्वानांनी मोठ्याने सांगितले नाही, पण ते ओळखता येते: परक्याच्या तोंडाला तोंड लावणे हे सभ्य माणसाचे काम नव्हे, ते सुइणींचे काम! मग भाते आले. ते इतक्या जोराने हवा भरीत की प्राणी फुप्फुसे फुटून मरतात, असे १८२० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये दिसून आले. भातेही गेले. पुढची शंभर वर्षे मग माणसाला उलथापालथा करण्यात गेली. १८५६ ची मार्शल हॉलची रीत, १८५८ ची सिल्व्हेस्टरची, १९०३ ची शेफरची, १९३२ ची होल्गर नील्सनची. ही शेवटची आम्हांला शाळेत प्रथमोपचाराच्या वर्गात शिकविली होती. माणसाला पालथे घालायचे, पाठ दाबायची, कोपर उचलायचे. आम्ही मुली सतरंजीवर एकमेकींची पाठ दाबून घेत असू आणि त्याने बरे वाटे, एवढे मात्र खरे.

सुइणींनी काय केले? त्यांनी हे वाद वाचलेच नाहीत. मूल जन्मून रडले नाही की तोंड पुसायचे आणि हलकी फुंकर घालायची, हे युरोपातल्या कितीतरी सुइणी करीत राहिल्या. आपल्याकडच्या सुइणींपाशी सगळेच उपाय चांगले होते असे मी म्हणणार नाही. ताट बडविणे, गार पाणी शिंपडणे, वार शेकणे हेही चाले. पण फुंकर त्यांच्या हातून सुटली नाही, आणि मला त्याचे कारण साधे वाटते. बुडालेला माणूस एखाद्या वैद्यापुढे जन्मात एकदा येई. न रडणारे मूल सुइणीपुढे दर थोड्या दिवसांनी येई. तिच्या हातांना विसरायला सवडच नव्हती.

ही फुंकर डॉक्टरांकडे परत कशी आली, ती हकीकत इतिहासाच्या पानांवर माझी सर्वांत आवडती आहे. १९४६ साल, अमेरिकेतले मिनियापोलिस शहर, पोलिओची साथ. जेम्स एलम नावाचा डॉक्टर वॉर्डात नुकताच रुजू झालेला. आदल्या रात्री तो पुनरुज्जीवनाच्या इतिहासावरचे एक प्रकरण वाचत बसला होता, आणि त्यात जुन्या सुइणी नवजात मुलांना तोंडाने श्वास देत असा उल्लेख होता. दुसऱ्या दिवशी एक परिचारिका आणि दोन सेवक एका निळ्या पडलेल्या मुलाची ढकलगाडी धावत घेऊन येताना त्याला दिसले. त्याने ती अडविली, मुलाचे तोंड पुसले, नाकावर आपले ओठ घट्ट लावले आणि फुंकले. चार श्वासांत मूल लाल झाले. इतिहास वाचून काय मिळते, असे विचारणाऱ्यांना मी हे सांगते.

उच्छ्वासाच्या हवेत दुसऱ्याला जगविण्याइतका ऑक्सिजन उरतो, हे एलमने पुढे मोजून सिद्ध केले. पीटर साफर ह्यांनी बाल्टिमोरमध्ये १९५७ च्या सुमारास स्वतःहून पुढे आलेल्या माणसांना औषधाने श्वास थांबेल इतके शिथिल केले आणि सामान्य माणसांकडून त्यांना तोंडाने श्वास देवविला. श्वास पोचला. पाठ दाबण्याच्या आणि हात उचलण्याच्या रीतींनी मात्र पुष्कळदा हवा जागची हलतच नव्हती, कारण जीभ मागे पडून वाट बुजलेली असे. शंभर वर्षांची पुस्तके एका फटक्यात रद्दीत गेली. त्याच शहरात जॉन्स हॉपकिन्स येथे कोवेनहोवेन हे विजेचे इंजिनिअर, त्यांचा तरुण सहकारी निकरबॉकर आणि जूड हे शल्यवैद्य, असे तिघे काम करीत होते. कुत्र्याच्या छातीवर यंत्राच्या जड पट्ट्या दाबल्या की त्याचा रक्तदाब थोडा चढतो, हे निकरबॉकरच्या नजरेस आले. १९६० साली त्यांनी वीस रोग्यांचा वृत्तांत छापला. त्यांतले चौदा वाचले होते. छाती न उघडता, नुसत्या दोन हातांनी!

आता प्रश्न आला, हे हात कोणाचे? लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये १९६१ साली डेस्मंड ज्यूलियन ह्यांनी लिहिले, की हृदयरोग्यांना एका जागी ठेवावे आणि तिथल्या परिचारिकांसह सर्वांना ही विद्या शिकवावी. पुढल्याच वर्षी अमेरिकेत कॅन्ससमध्ये ह्यूज डे ह्यांनी तसा कक्ष उघडला. फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्ट्झर आणि परिचारिका रोझ पिनिओ ह्यांनी आणखी एक पाऊल टाकले. हृदय नुसते थरथरू लागले तर विजेचा झटका देण्यासाठी डॉक्टरांची वाट पाहायची नाही. खाटेजवळ असलेल्या परिचारिकेनेच तो द्यायचा. हिशेब सरळ होता. डॉक्टर येईपर्यंत जी मिनिटे जातात, तेवढ्यात मेंदू मरतो. आज हे वाचताना विशेष वाटणार नाही. पण ज्या काळात परिचारिकेने डॉक्टरांना न विचारता शिरेत सुई घालणेही आगाऊपणाचे समजत, त्या काळात ही क्रांती होती. १९६६ च्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय परिषदेने वैद्यकीय क्षेत्रातल्या सर्वांना शिकवावे असा ठराव केला, आणि १९७४ पासून सामान्य नागरिकांनाही शिकवू लागले.

शिकवायचे कशावर? जिवंत माणसाची छाती दाबून पाहता येत नाही. नॉर्वेतल्या स्टाव्हांगर गावी आस्मुंड लेर्डाल नावाचा खेळणी बनविणारा होता. त्याचा लहानगा मुलगा एकदा पाण्यात बुडता बुडता वाचला होता. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी गळ घातली आणि त्याने १९६० साली माणसाएवढी बाहुली केली. नाव ठेवले ॲन. पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनामिक तरुणीचा म्हणून जो मुखवटा घरोघरी टांगलेला असे, तोच चेहरा तिला दिला. त्या तरुणीची खरी कहाणी कोणालाच ठाऊक नाही. तिच्या तोंडात मात्र जगातल्या लक्षावधी माणसांनी श्वास भरला आहे. मीही.

आणि इथे माझ्या प्रश्नाचे उत्तर सापडू लागते. शोध लागला, बाहुली आली, वर्ग सुरू झाले, प्रमाणपत्रे वाटली गेली, आणि सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. शिकलेले पुढे किती टिकते हे पाहण्याचे नेटाने मनावर घेतले गेले, ते पुष्कळ उशिरा. कॅनडात १९८३ साली शिकून गेलेल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना सहा व बारा महिन्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा कसब बरेच उतरलेले दिसले. १९८७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक लेख आला, त्याचा मथळाच निष्कर्ष सांगून जातो: प्रशिक्षित परिचारिकांची प्राथमिक जीवरक्षणातली असमर्थता. हा मथळा मी ग्रंथालयात उभ्याउभ्या वाचला आणि खुर्ची ओढून बसले. तेरा वर्षे मला वाटत होते, की ती एकटीची गोष्ट आहे.

नंतरच्या पाहण्यांनी हेच पुनःपुन्हा सांगितले. तीन ते सहा महिन्यांत हात ढिले पडू लागतात. ज्ञान त्याहून अधिक टिकते, आणि आत्मविश्वास तर सर्वांहून अधिक टिकतो. धोका तिथेच आहे. जिला येत नाही असे ठाऊक असते ती मदतीला हाक मारते. जिला येते असे वाटते ती गादीवर दाबीत बसते. शिवाय नियमही बदलत गेले. पंधरा दाब नि दोन श्वास, दोघीजणी असतील तर पाचास एक, पुढे २००५ पासून तीसास दोन. खोली आधी दीड-दोन इंच, आता पाच ते सहा सेंटिमीटर. वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस. २०१० पासून आधी छाती, मग श्वास. नवे शिकणे एक वेळ सोपे, पण जुने हातातून काढणे फार कठीण. घर बदलल्यावर दिव्याचे बटण जुन्या भिंतीवर चाचपणारा हात कोणी पाहिला नाही?

मी शिकवू लागले तेव्हा आमच्या संस्थेतली बाहुली कपाटात कुलूपबंद असे. महागाची वस्तू, खराब होऊ नये म्हणून! किल्ली कारकुनाकडे, आणि कारकून रजेवर. वर्षातून एकदा ती बाहेर निघे, साठ मुली रांगेने प्रत्येकी दोन मिनिटे दाबीत, हजेरीपटावर सह्या होत आणि बाई पुन्हा कपाटात. अनारसेच ते! तिला वॉर्डाच्या व्हरांड्यात आणून ठेवण्यासाठी मला दीड वर्ष अर्ज करावे लागले. मग दर सोमवारी पाळी बदलताना जी येईल तिने दोन मिनिटे हात चालवावा, असा प्रघात पाडला. सुरुवातीला मुली हसत. एकदा झाडलोट करणाऱ्या मावशींनी पदर खोचून विचारले, "बाई, मी करू का?" त्यांनी जे दाबले, ते सर्व मुलींहून सरस होते. आयुष्यभर पाटा-वरवंट्यावर वाटलेले हात. कोपर सरळ, भार खांद्यांतून. मी मुलींना म्हटले, "पुस्तक मिटा आणि मावशींकडे बघा."

मी हे अंदाजाने करीत होते. २०११ साली अमेरिकेतल्या दहा परिचर्या-विद्यालयांतल्या सहाशेसहा विद्यार्थ्यांची पाहणी वाचली, तेव्हा अंदाजाला आधार मिळाला. ज्यांना महिन्यातून फक्त सहा मिनिटे बाहुलीवर सराव दिला, त्यांचे कसब वर्षभर टिकले. ज्यांना दिला नाही त्यांचे उतरले. सहा मिनिटे! चहाला ह्याहून अधिक वेळ लागतो.

आपल्या मुलखातही हे पाहिले गेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून एकोणचाळीस गावांत गावातल्याच स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. सुईण बाळंतपण करी आणि आरोग्यदूत बाळाचा श्वास पाही. तोंडाची फुंकर, मग नळी-मुखवटा, मग पिशवी-मुखवटा अशी साधने सुधारत गेली, आणि गुदमरून मरणाऱ्या अर्भकांची संख्या खूप उतरली. ह्या स्त्रिया परिचारिका नव्हत्या. कित्येकींचे शिक्षण जेमतेम होते. नंतर नागपूर, बेळगाव आणि आफ्रिकेतले केनिया अशा तीन ठिकाणी प्रसूतिगृहांतल्या परिचारिकांना व इतरांना नवजात बाळाला पिशवीने श्वास देण्याचे शिक्षण दिले. २०१६ साली त्याचा वृत्तांत आला: लेखी उत्तरे बऱ्यापैकी टिकली, पिशवी धरणारे हात मात्र लवकर घसरले, आणि उजळणीने पुन्हा सावरले. मला ते वाचून, का कोण जाणे, बरे वाटले.

माझी भाची पुण्याच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात आहे. तिच्याकडे दर तीन महिन्यांनी बाहुलीची ढकलगाडी वॉर्डातच येते आणि शेजारच्या पडद्यावर खोली नि वेग आकड्यांत दिसतो. गेल्या दिवाळीत ती घरी आली होती. आत वहिनी अनारसे थापीत होती. मी माझ्या व्हरांड्यातल्या बाहुलीची गोष्ट तिला तिसऱ्यांदा सांगत होते. तिने दिवाणावरचा लोड उचलून फरशीवर टाकला आणि म्हणाली, "मावशी, दाखव बरं."

मी पदर खोचला, गुडघे टेकले, तळव्यावर तळवा ठेवला आणि मोजू लागले. ती हातातल्या घड्याळाकडे पाहत होती.

"वेग बरा आहे," ती म्हणाली. "पण कोपर वाकतंय तुझं. आणि छाती पुरती वर येऊ देत नाहीस."

आतून वहिनीचा आवाज आला, "हसला गं बाई!" भाची अनारसे पाहायला उठू लागली. मी म्हटले, "थांब, दोन मिनिटं झाली नाहीत अजून." कोपर सरळ केले आणि एकपासून पुन्हा सुरुवात केली.